हेलिकॉप्टरातली दोन माणसं

माझी अक्षरं सुताराच्या वाकसानं तासल्यासारखी आहेत. निजामाच्या राज्यात दोन यत्ता शिकलो. तिसरीत मास्तरानं कान पिळला म्हणून पाटी तिथंच ठेवून उठलो, ते परत गेलोच नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. बैलगाडीचं चाक मी नजरेनं मापून करत होतो आणि शिकलेली माणसं माझ्या कामाच्या छपरात येऊन उभी राहत होती. नातू म्हणतो, आजोबा तुम्ही सांगा, मी लिहितो. पण ही गोष्ट दुसऱ्याच्या हातानं लिहून घेण्यासारखी नाही. म्हणून मीच लिहायला बसलोय. कुणी हसलं तर हसू दे.

आमचं गाव अणदूर आणि नळदुर्गाच्या मधे, हैदराबादच्या सडकेला लागून. वडील लवकर गेले. घरात माय, मी, माझी बायको, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ हुशार निघाला. सोलापूरला जाऊन मशीनचं काम शिकला आणि हवाई दलात लागला. तिथं तो हेलिकॉप्टर दुरुस्त करायचा, आणि माल पोचवायचा असला की त्यातच बसून डोंगरात जायचा. पंधरा दिवसाला त्याचं पत्र यायचं.

चीनची लढाई लागली त्या वर्षी शेवटचं पत्र दसऱ्याच्या आधी आलं. मग बंदच. दिवाळी झाली. माझी बायको बाळंतपणाला माहेरी बेंबळीला गेलेली. पाटलांच्या ओसरीवर रेडिओ होता, त्याभोवती गाव जमायचं. मीही जायचो, पण ऐकायला मागं उभा राहायचो. आपली माणसं मागं सरकली, असं त्यात सांगायचे. मागं सरकली म्हणजे काय झालं, कोण राहिलं, कोण नाही, ते सांगत नव्हते. घरी आलो की माय विचारायची, "काय म्हनतो रेडिव?" मी म्हणायचो, "गानी लावलीत." तिला ते खरं वाटायचं नाही आणि ती पुढं विचारायची नाही. पोलिस ॲक्शनच्या वेळी विमानं डोक्यावरून गेली तेव्हा हिनंच आम्हां दोघां भावांना गाडीखाली दाबून धरलेलं. तेव्हापासून आभाळात काही वाजलं की ती हातातलं काम टाकायची.

एक दिवस ती अणदूरला खंडोबाला जाऊन आली आणि छपरात माझ्यासमोर बसली.

"म्या नवस बोललीय."

"कशाचा? घोड्याचा?"

आमचा खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला असतो आणि हिवाळ्यात नळदुर्गाला मुक्कामाला जातो. त्याला आमच्याकडं लाकडी घोडा वाहतात. असे घोडे मी कितीतरी केलेत. त्याला एक नेम आहे. वाहायची वस्तू अव्यंग पाहिजे. घोड्याचा पाय तडकला, कान उडाला, तर तो देवाला चालत नाही. ती खोट ज्याच्या नावानं नवस आहे त्याच्या अंगावर येते, असं मानतात. मीही मानत होतो. तडकलेला घोडा मी कधी कुणाला दिला नाही.

"घोडा कशाला?" माय म्हणाली. "घोड्यावर बसून गेलाय का त्यो? ज्याच्यात बसून गेलाय तेच द्यायचं. देव अणदुरातनं नळदुर्गाला जायच्या आत."

"पर नवस काम झाल्यावर फेडत्यात, माय."

"देव काय दुकानदार हाय, माल बघून पैसं घ्यायला? म्या आधीच देनार."

"बरं. करतो लाकडाचं."

"तू बघितलंस का ते कवा?"

"न्हाय."

"मग? न बघता पाटलाला वाघ करून दिलतास. लोक अजून म्हनत्यात, पाटलाच्या दारात मांजर बसलंय."

मला राग आला, पण ते खरं होतं. हुबेहूब पाहिजे, एवढंच ती म्हणत राहिली. नळदुर्गाच्या धाब्यावर मी एका हैदराबादी ट्रकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सोलापूर में मिलता ना भाई, डब्बे में. टुकडे टुकडे रहते, जोड लेना." त्याच्याच ट्रकमधे बसून सोलापूरला गेलो.

दुकान खेळण्यांचं. मालकानं विचारलं, "मुलगा केवढा आहे?"

"मुलासाठी न्हाय. देवासाठी."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. त्यानं दोन खोकी पुढं ठेवली. दोन्ही परदेशी, धूळ खात पडलेली. एकावरच्या चित्रात हेलिकॉप्टरचं डोकं नुसत्या काचेच्या गोळ्यासारखं आणि शेपूट उघड्या शिडीसारखं. दुसऱ्याला म्हशीसारखं पोट, चार चाकं, वर डोळ्यांसारख्या खिडक्या. माझ्या खिशात भावाचा एक फोटो होता. त्यात तो उभा आणि त्याच्या मागं यंत्र. पण फोटो काढणाऱ्यानं भाऊ सगळा घेतलेला आणि यंत्र अर्धंच. एक चाक दिसत होतं, थोडं पोट, आणि खिडकीला जायच्या पायऱ्या. वरचं पंख्याचं पातं फोटोच्या कडेला कापलेलं.

मी दुकानाच्या पायरीवर बसून फोटो एकदा या खोक्याशेजारी धरायचो, एकदा त्या. चुकीचं यंत्र वाहिलं तर देव भावाला कुठं शोधणार? भलत्याच कुणाला तरी सोडवून आणेल. असा विचार शिकलेला माणूस करणार नाही. मी केला. सकाळचा बसलो तो उन्हं डोक्यावर आली.

दुकानदार म्हणाला, "पाहुणे, बायको निवडताना तरी एवढा वेळ लावला होता का?"

"बायको मायनं निवडली," मी म्हणालो. "चूक झाली असती तर तिची झाली असती."

शेवटी पोटवालं घेतलं.

घरी मायनं खोक्याला भंडारा लावला, मग मी उघडलं. आत करड्या प्लॅस्टिकचे भाग, वेलीला शेंगा लागाव्यात तसे दांडीला चिकटलेले. एक कागद होता, इंग्रजी. त्यावर चित्रं आणि आकडे. इंग्रजी आकडे मला फूटपट्टीमुळं येत होते, तेवढे पुरे होते. शाळेतल्या मास्तरांना दाखवावं असं माय म्हणाली. मी म्हणालो, "मास्तरानं कधी खुंटी तरी ठोकलीय का?" आणि विषय संपवला.

पण प्लॅस्टिक हा काही माझ्या ओळखीचा जिनस नव्हता. लाकूड बोलतं. कुठून फाटणार ते आधी सांगतं. हे मुकं. पटाशीनं कापायला गेलं की गपकन तुटायचं. सोबत डिंकाची नळी होती, ती आत दगड झालेली. मी आपला सरस उकळला आणि त्यानं जोडलं. संध्याकाळी बघितलं तर झकास बसलेलं. सकाळी मायनं ते कौतुकानं उचललं आणि शेपूट तिच्या हातात आलं.

ते तसंच धरून ती म्हणाली, "तुटलं की रं."

"तुटलं न्हाय माय, सुटलं. सरस धरत न्हाय ह्याला."

"काय का आसंना. माझ्या हातात आलं न्हवं?"

त्या दिवशी ती जेवली नाही. मीही भाकरी नुसती चिवडली. सरस सगळा खरवडून काढला. मग मला एक सुचलं. आर, म्हणजे भोकं पाडायची टोकदार सळई, तापवून प्लॅस्टिकला टेकवली की ते मेणासारखं विरघळतं, आणि दोन विरघळलेल्या कडा दाबून धरल्या की एकजीव होतात. तसं जोडायला लागलो. निखाऱ्याची शेगडी शेजारी, दोन आरा आलटून पालटून. शेपूट बसलं. पोट बसलं. चाकं बसली. प्रत्येक डाग देताना मी श्वास धरायचो. आर जरा जास्त टेकली की भोकच.

खोक्यात दोन माणसंही होती, यंत्र चालवायला बसलेली. चिंचोक्याएवढी. नाक, डोळे काही नाही, पण टोपी, हात, पाय सगळं होतं. मायनं त्यातलं एक तळहातावर घेतलं आणि त्याच्या डोक्याला भंडाऱ्याचं बोट लावलं.

"ह्यो आपला."

"आपला चालवत न्हाय माय, त्यो दुरुस्ती करतो. मागं बसतो."

"आज फुडं बसला तर काय कुनी उठवतंय व्हय त्याला?" मग माझ्या हातातली आर बघून ती दचकली. "ह्याला चिकटवू नगंस बग. चिकटला तर उतरंल कसा?"

"मग दुसऱ्याला चिकटवतो."

"त्याला माय न्हाय व्हय?"

असं करून दोन्ही माणसं सुटीच ठेवायची ठरली. ती मी कामाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी माय शेताकडं गेलेली. मी वरच्या खिडकीची चौकट डागत होतो. तेवढ्यात सडकेवर पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली. ती घंटी ऐकली की त्या दिवसांत मी हातातलं काम विसरायचो. पत्र आलं तर बरं, पण तार आली तर? मी तसाच वळून बघत राहिलो. सायकल आमच्या बोळाच्या तोंडाशी हळू झाली. त्यानं एक पाय खाली टेकवला. पिशवीत हात घातला. मग त्यानं पिशवी नीट केली आणि पुढं गेला.

मला जळका वास आला. खाली बघितलं. आर फळीवर टेकलेली आणि तिच्या टोकाशी एक माणूस. त्याचा उजवा पाय घोट्यापासून गेलेला. तिथं नुसता काळपट थेंब. डोक्याला भंडारा.

चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवताना माझा हात कधी हलला नव्हता. त्या दिवशी आर शेगडीत ठेवायला मला तीनदा हात न्यावा लागला. मी आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. मग मी जे केलं ते लिहायला इतकी वर्षं गेली. मी धोतराच्या सोग्याला थुंकी लावली आणि त्या माणसाच्या डोक्याचा भंडारा पुसला. खोक्याच्या झाकणावर लावलेला होता, त्यातला बोटावर घेतला, आणि दुसऱ्याच्या डोक्याला लावला. धडपाय माणूस आता आपला झाला. पाय जळालेला तो दुसऱ्याचा. ज्याला माय आहे असं माझ्या मायनं सांगितलेलं, त्याचा.

केलं, आणि दोघांना परत शेजारी शेजारी ठेवलं.

आता भावजयीचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरापुढं येत नाही, त्याच्याशी बोलत नाही. लग्नाला तीन वर्षं झालेली, तिनं मला उद्देशून एक शब्द टाकला नव्हता. पाणी आणलं की तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि बांगड्या वाजवायची. काही सांगायचं असलं तर मायला सांगायची, माय नसली तर मला ऐकू येईल असं म्हशीला सांगायची. त्या दिवशी ती तांब्या घेऊन आली, ठेवला, बांगड्या वाजवल्या, आणि गेली नाही. दावणीच्या म्हशीपुढं उभी राहिली.

"बाई गं," म्हशीला म्हणाली, "आपलं दुकनं दुसऱ्याच्या अंगावर घालू नये बग मानसानं."

मी ऐकलंच नाही असं केलं. उगीच कानस उचलली.

तिनं पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं वळली. "भावजी, म्या बघितलं."

तिचा आवाज असा समोरून मी पहिल्यांदाच ऐकला. मला वाटलं घरच कुणीतरी उलटं केलं.

"काय बघितलं?"

"पाय जळाला ते बी. भंडारा पुसला ते बी."

"घरात जा," मी ओरडलो. "बायकांनी ह्यात पडू नये."

ती हलली नाही. "माझाच हाय न्हवं त्यो? माझा हाय म्हनूनच सांगती. दुसऱ्या बाईच्या मानसावर ढकलून म्या कपाळाला कुकू लावू व्हय? आन् देवाला दिसत न्हाय व्हय कुनाची हळद कुनाला लावली ते? पायानं भागायचं तिथं समदंच न्हील त्यो."

"मग काय करू? बदललं तर लंगडा त्यो आपला हुतोय."

"मग पाय करा," ती म्हणाली. "सुतार हाव न्हवं?"

माझ्याशी असं कुणी बोललं असतं तर मी छपरातून हाकललं असतं. मी म्हणालो, "उजेडाकडं सरका."

सागाची एक काडी घेतली. काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक झिलपी काढली आणि त्यातून पाय कोरला, टाच, चवडा, घोटा. माशीच्या पायाएवढा. दोन मोडले. तिसरा जमला. भावजयीनं काटा काढायच्या चिमट्यात तो माणूस धरला. तिचा पदर खाली आला होता, तिला कळलं नाही आणि मीही बघितलं नाही. सुई तापवून त्या थेंबाला टेकवली, मऊ झाल्यावर पाय त्यात रोवला, आणि दोघंही श्वास धरून बसलो. बसला. करड्या माणसाला एक तपकिरी पाय.

"बूट घातल्यागत दिसतंय," ती म्हणाली. मग तिनं स्वतःच्या बोटानं दुसऱ्याच्या डोक्याचा भंडारा अगदी स्वच्छ पुसला, आणि आपल्या माणसाला लावला. माय येईपर्यंत ती घरात गेलेली होती. मायनं माणसं बघितली, पण तिला जवळचं नीट दिसायचं नाही. आम्ही दोघंही बोललो नाही.

देव नळदुर्गाला जायला चार दिवस होते तेव्हा आम्ही तिघं चालत अणदूरला गेलो. मायनं ते धडप्यात गुंडाळून छातीशी धरलेलं. आत दोन माणसं सुटी, त्यामुळं प्रत्येक पावलाला खुळखुळ वाजायचं. सगळा रस्ताभर ते मला ऐकू येत होतं. दर खुळखुळीला वाटायचं, आता तो पाय निखळला. भावजय मागून चालत होती, परत पहिल्यासारखी, तोंड न उघडता.

पुजाऱ्यानं धडपं उघडून बघितलं. "हे काय गं आणलंस?"

"माझ्या लेकाचा घोडा," माय म्हणाली.

त्यानं ते हलवलं. "आत काय वाजतंय?"

"मानसं हायत. सुटीच ठेवल्यात. उतरायचंय त्यास्नी."

तो हसला नाही. त्यानं ते लाकडी घोड्यांच्या रांगेत ठेवलं. मग घोडा आणणाऱ्या प्रत्येकाला विचारतात तसं त्यानं मला विचारलं, "खोट न्हाय न्हवं कुठं?"

माय माझ्या तोंडाकडं बघत होती. आहे म्हणालो असतो तर ती तिथंच पडली असती.

"न्हाय," मी म्हणालो.

देवासमोर खोटं बोललेला माणूस घरी कसा येतो ते मला विचारा. दारात कुणी आलं की मला वाटायचं, आता सांगतील, पाय गेला. पुढं पुढं तर मी देवाला म्हणायला लागलो, बरं, पाय घे, पण तेवढाच घे. असं म्हणालो याचीही मग भीती वाटायची.

पत्र आलं तेव्हा देव नळदुर्गाला होता. भावाच्या हातचं. भावजय चौथी शिकलेली, तिनं आतल्या खोलीतून मोठ्यानं वाचलं. खुशाल आहे, थंडी फार आहे, म्हशीला काय झालं, अंगणातल्या लिंबाला पाणी घालता का. माय रडत होती, हसत होती.

मी भिंतीकडं बघून म्हणालो, "माय, तिला इचार. हातापायाचं काय लिवलंय का?"

आतून उत्तर आलं, "न्हाय म्हनावं."

"परत बघ म्हनावं."

"दोनदा बघितलं म्हनावं. काय बी न्हाय."

पण माणूस असलं पत्रात लिहितो का? मायला घाबरवायचं नाही म्हणून मीच रेडिओवर गाणी लागलीत असं सांगत होतो. तोही आमच्याच घरचा.

उन्हाळ्यात तो रजेवर आला. सडकेवर एसटी थांबली, तो उतरला, खांद्यावर वळकटी, अंगावर गणवेश, पायात काळे जाड बूट. वाळून निम्मा झालेला. मी त्याच्या चालीकडंच बघत होतो. थोडा लंगडतोय का? बूट लागत असतील. का आत लाकूड आहे? माय भाकरतुकडा ओवाळायला दारात उभी. मी मधे उभा राहिलो.

"आदी बूट काढ."

"आवं दादा, घरात तर येऊ द्या."

"काढ म्हनतोय न्हवं."

"माय, ह्यास्नी काय झालं गं?"

"म्या काढू का?" मी म्हणालो आणि खाली बसलो. थोरला भाऊ आपल्या पायाशी बसलेला बघून तो गडबडला. वळकटी टाकून दारातच बसला आणि बूट सोडले, मोजे काढले. मी उजवा पाय हातात घेतला. बोटं मोजली. घोटा दाबून बघितला. मग डावा. मग परत उजवा. बोटं काळवंडलेली होती, दोन नखं गेलेली, पण दहाच्या दहा होती. गरम होती. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या, कुणीतरी खाली बसल्यासारख्या.

"काय बघताय दादा? खूर बदललेत का काय?"

"गप," मी म्हणालो. मोजे उचलून झटकत बसलो.

त्यानंतर पंधरा दिवस तो घरी होता. लढाईचं काही बोलायचा नाही, आम्हीही विचारलं नाही. माय दिवसभर त्याच्याभोवती फिरायची. माझा मात्र जीव हलका झाला नव्हता. रजा संपायच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं विहिरीवर पाणी काढत होतो. तो रहाट ओढत होता. मी दुसरीकडं बघत विचारलं, "तुमच्या यंत्रात फुडं दोघं बसत्यात न्हवं?"

"बसत्यात की."

"तुज्यासंगं जे असायचे... ते दोघं बी बरं हायत न्हवं?"

रहाट थांबला. घागर मधेच लोंबकळत राहिली आणि तिच्यातून पाणी खाली गळताना ऐकू येत होतं.

"का वो?" तो म्हणाला.

"उगंच."

त्यानं परत दोर ओढायला सुरुवात केली. घागर वर आली, ती त्यानं माझ्यापुढं ठेवली, आणि दुसरी सोडली.

पाय जळाला त्या दुपारी भंडारा दुसऱ्याच्या डोक्यावर फार वेळ नव्हता. भावजय पाणी घेऊन आली, आम्ही पाय कोरून बसवला, तेवढाच काय तो वेळ. तेवढ्यात काय होत नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. भाऊ त्यानंतर पुष्कळ जगला, पेन्शनीत आला, माझ्या शेजारीच घर बांधून राहिला. रोज संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसायचो. त्याला त्या दुसऱ्याचं काय झालं ते विचारायला एवढी वर्षं मिळाली. मी विचारलं नाही.